आबाजींची मर्जी

बेला, जि. आदिलाबाद
१२ जुलै २०२५

प्रिय हर्षदीपदादा,
सप्रेम जय भीम.

तू फोन उचलत नाहीस, मेसेज पाहत नाहीस, म्हणून हे पत्र चंद्रपूरला तुझ्या खोलीच्या पत्त्यावर टाकते आहे. फाडायचं असेल तर निदान वाचून फाड.

आम्ही दोघी बऱ्या आहोत. आजीचं जेवण कमी झालंय, पण बी.पी.ची गोळी चुकवत नाही. पाऊस बरा आहे. शेजारच्या जयवंताबाईंच्या कपाशीचं पहिलं निंदण झालं. आबाजींच्या पुण्यानुमोदनाला विहारात पुष्कळ माणसं आली होती. गावातले सुधाकरराव बोलले, आबाजींनी शिकवलेले दोघंतिघं बोलले. तुझ्याविषयी विचारणाऱ्यांना आजी सांगत होती, "त्याले रजा नाही भेटली." मी मान खाली घालून चहा वाटत होते.

गावात दोन्ही तऱ्हेचं बोलणं चालू आहे. कोणी म्हणतं, चंपत गुरुजी मेल्यावरही शिकवायला गेले. कोणी म्हणतं, नात किर्गिझस्तानात डॉक्टरकी शिकते, तिनंच म्हाताऱ्याचं डोकं फिरवलं आणि देह मेडिकल कॉलेजात नेऊन टाकला. तूही त्या दिवशी कॉलेजच्या दारात तेच म्हणालास. "तुमाले शिकाले मुडदा पाह्यजे, म्हणून तू आबाजीले देऊन राह्यली." आणि ॲम्ब्युलन्सकडं पाठ करून चालता झालास. जाऊ दे. झालं ते झालं.

माझं म्हणशील तर ऑगस्टअखेर परत जायचं आहे. तिसरं वर्ष. पहिल्या वर्षी शरीररचना, लॅटिन नावं, रशियन भाषा, वर त्यांच्या देशाचा इतिहास, असं सगळं होतं. दुसऱ्या वर्षी शरीराचं कामकाज, रसायनं, जंतू. आता रोगांची ओळख, औषधं, आणि दवाखान्यात जाऊन पेशंटची रशियनमधून विचारपूस. शिवाय इथं परतल्यावर आपल्याकडची परीक्षा पास व्हावी लागते, म्हणून इथली पुस्तकंही नेते आहे. उघडून बसते, पण पान पुढं सरकत नाही. उठते, अंगणात फिरते, बसस्टँडपर्यंत जाऊन येते. आजी म्हणते, "बस ना माय एका जागी. तुले पाहून मलेच गरगरते."

परवा आदिलाबादला जाऊन आले. थोडं काम होतं.

आजीला फोन कर. माझ्याशी नाही बोललास तरी चालेल.

तुझी,
प्रतिभा


बेला
३ ऑगस्ट २०२५

दादा,
जय भीम.

तू आजीला फोन केलास, बरं वाटलं. पण मी शेजारीच बसले होते आणि तुझा आवाज मोठा आहे. "आबाजीचं तिथं काय करून राह्यले ते तिलेच इचार. तिलेच माहीत."

हो, मलाच माहीत आहे. या घरात, या गावात, ते डोळ्यांनी पाहिलेली फक्त मीच आहे. म्हणून मागच्या पत्रात जे टाळलं ते आता लिहिते.

आदिलाबादला माझं काही काम नव्हतं. मी मेडिकल कॉलेजसमोर उतरते, फाटकापुढच्या गाड्यावर चहा घेते, आत जाणारी मुलं पाहते आणि मिळेल त्या गाडीनं परत येते. घरी आले की पुन्हा जावंसं वाटतं.

गेल्या वर्षी सुट्टीत आले होते तेव्हाची गोष्ट. आबाजी ओसरीवर आजीसोबत अंबाडी निवडत होते. म्हणाले, "मी देह कॉलेजले द्यायचं ठरवलं." मी तिथल्या तिथं म्हणाले, "नाही."

"काऊन?"

"मले माहीत हाय तिथं काय करतात, आबाजी."

"सांग ना मंग."

मी सांगितलं. त्यांच्या मनातून ते जावं म्हणून काही न झाकता सांगितलं. आमच्याकडे बरंचसं शिकणं पडद्यावर आणि प्लास्टिकच्या अवयवांवर होतं. खरा देह एकच होता, विद्यार्थ्यांच्या कितीतरी तुकड्यांनी हाताळलेला, काळवंडलेला. पहिल्या दिवशी मुलं हसली, भीतीनं. एकीला ओकारी झाली. महिन्याभरानं त्याच मुली त्याच्या उशाशी उभ्या राहून मेसच्या भाजीबद्दल बोलायला लागल्या. त्यांच्यात मीही होते. मी म्हणाले, "तुमच्यापाशी उभं राहून कोणी असं बोललेलं मले नाही चालणार. वर्ष सरलं की तो माणूस माणूस म्हणून ओळखू येत नाही."

आजी अंबाडी सोडून आत निघून गेली. आबाजींनी मात्र शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, "कोण होता तो?"

"माहीत नाही. बेवारस होता म्हणे."

"म्हंजे त्याले कोणी इचारलं नाही."

मी आजीनं सोडलेली अंबाडी पुढं ओढली.

"माहा बाप देशमुखाच्या वावरात वेठीले जाये. मायबी जाये. हाडं झिजली त्यायची, पण येतं का म्हणून कोणी इचारलं नाही, हुकूम केला. माह्यावर कोणाचा हुकूम नाही. ही माही मर्जी हाय. आन् पोरं भाजीचं बोलत असन तर बोलू दे. माह्या वर्गात का ते गप बसत होते?"

त्यावर ते हसले. मी नाही हसले. निघेपर्यंत भांडत राहिले, तिकडं गेल्यावर फोनवरही भांडले. ते विषय बदलून हाताच्या हाडांची नावं विचारायचे, आणि मी सांगितली की शाळेतल्यासारखी घोकून दाखवायचे.

या जूनमध्ये ते गेले तेव्हा मी घरी होते. कॉलेजला फोन करायच्या आधी मी आजीला म्हणाले, "आजी, आपण इथंच अग्नी देऊ. कोण विचारणार आहे?" हे मी म्हणाले, दादा. तू अजून पोचला नव्हतास. आजी त्यांच्या पायाशी बसली होती. तिनं वर पाहिलं आणि म्हणाली, "त्यायची मर्जी तू मोडशीन?"

मग मी फोन केला.

हे मी तुला दारातच सांगू शकले असते. पण मी का अडवत होते ते सांगायचं तर आत काय होतं तेही सांगावं लागलं असतं. ते तुझ्या डोक्यात जायला नको होतं. म्हणून तुझं बोलणं ऐकून घेतलं. आता तू आजीपुढं तेच बोललास, म्हणून लिहावं लागलं.

आजीकडं राख नाही, माती नाही. संध्याकाळ झाली की विचारते, "कुठं ठेवलं असन त्यायले? थंडी लागत असन का?" पहिले काही दिवस मी विषय टाळला. मग एकदा सगळं सांगितलं. देह टिकावा म्हणून काय भरतात, कसं झाकून ठेवतात, त्यावर शिकवणं कधी सुरू करतात. तिनं विचारलं, "तू ज्याच्यावर शिकली, त्याचे हात कसे होते?" मी म्हणाले, मोठे, कामकरी माणसाचे. ती म्हणाली, "मले घेऊन चाल."

तेव्हा कुठं मी, आधी विचारून यावं म्हणून एकटीच, फाटकाच्या आत गेले. शरीररचना विभागाच्या मॅडम भेटल्या. आबाजींना पाहता येणार नाही म्हणाल्या. पण नवी मुलं आली की सुरुवात करण्याआधी देह देणाऱ्यांच्या नावानं शपथ घेतात, तेव्हा घरच्यांनी यावं. आजीचा नंबर लिहून घेतला त्यांनी.

तेव्हा मी इथं नसेन. आजी म्हणते, "मी एकटी गाडीत बसून जातो." ती जाईलही. तिला एकटीला जाऊ देऊ नकोस. माझ्यावरचा राग ठेव, पण तिला घेऊन जा.

सगळं सांगून झालं तरी जिवाला थारा नसलेली,
प्रतिभा


बिश्केक
२६ ऑक्टोबर २०२५

प्रिय दादा,
सप्रेम जय भीम.

इथं थंडी पडायला लागली. आमचं दवाखान्यात जाणं सुरू झालं आहे. म्हाताऱ्या बायका माझं रशियन ऐकून हसतात आणि मग हळूहळू, लहान मुलाला सांगावं तसं दुखणं सांगतात.

काल आजीचा फोन आला. तासभर बोलली. तू आदल्या संध्याकाळी बेल्याला आलास, जेवलास, काही न बोलता ओसरीवर झोपलास. सकाळच्या गाडीत तिला खिडकीशी बसवलंस. कॉलेजात मात्र दारातच थांबलास. "आत येईच ना तो," आजी सांगत होती. "मी एकलीच खुर्चीवर. पांढरे कोट घातलेले पोरं-पोरी भिताडाले लागून उभे."

मग मॅडमनी नाव वाचलं: चंपत गुरुजी, शिक्षक, राहणार बेला. आणि तू आत यायला निघालास. उंबऱ्याशी वाकून बूट काढलेस.

"त्याले कोणी सांगतलं नोतं," आजी म्हणाली. "त्याले पाहून एका पोरीनं काढले. मंग साऱ्यायनं काढले. मॅडमनंबी."

शपथ इंग्रजीत होती. आजीला कळली नाही. नंतर आपल्या जवळच्याच जैनथ गावची एक मुलगी तिच्यापाशी बसून मराठीत सांगू लागली, तर आजीनं तिचे हात हातात घेतले आणि म्हणाली, "नीट शिकजो, माय. घाई नोको करजो." ती मुलगी रडली म्हणे. आजी नाही रडली. परतताना गाडीत झोपली, तुझ्या खांद्यावर.

फोन ठेवल्यावर मला खोलीत बसवेना. होस्टेलचे जिने चढले, उतरले. सपनानं, माझ्या खोलीतल्या मुलीनं, विचारलं काय झालं. सांगता येईना. बरं वाटत होतं की नाही तेही कळेना. आबाजींनी जिथं जाऊ नये म्हणून मी भांडले, तिथं तू माझ्या जागी उभा राहिलास. आमच्याकडच्या त्या खोलीत मी कधी बूट काढले नाहीत.

आजीनं जे पाहिलं ते तिनं सांगितलं. पण दारात उभा होतास तेव्हा काय चाललं होतं तुझ्या मनात, आणि आत पाऊल टाकलंस ते कशानं, हे तिला माहीत नाही. ते तूच सांग. राग असेल तर रागच लिही, शिव्या लिही. आबाजींबद्दल बोलायला मला जगात तुझ्याशिवाय दुसरं माणूस नाही, आणि मी अजून एकदाही त्यांच्यासाठी मोकळेपणी रडलेले नाही.

तुझीच धाकटी,
प्रतिभा