अंगठा आणि निळं पेन

४ ऑगस्ट, सोमवार
नाहूरच्या कंपनीने स्टीलची झाकणं परत पाठवली. म्हणे धुऊनसुद्धा तेलकट. अशक्य! मुलुंडच्या आमच्या गाळ्यातून एकही झाकण माझा अंगठा फिरल्याशिवाय बाहेर पडत नाही. मी सातवी नापास असेन, अंगठा नाही.
मालकीण क्षमा म्हणाली, दादूकाका, आणखी एकदा माल परत आला ना, तर तुमचं चेकिंग बंद. घरी आराम करा. आराम कसला, बायको प्रेमा मला दोन दिवसांत गावाला पाठवेल.
संकल्प : उद्यापासून प्रत्येक झाकणावर दोनदा अंगठा.

५ ऑगस्ट
टेन्शनने टाळू तापते. सकाळी खोबरेल जरा जास्तच चोपडलं.
क्षमाने निळ्या शाईचं पेन आणलंय. झाकणावर रेघ ओढायची. अखंड राहिली तर झाकण साफ, फुटून थेंब झाले तर तेल. मी तपासलेल्या प्रत्येक झाकणावर रेघ फुटली. पेन चायनाचं असणार.

७ ऑगस्ट
प्रितमवर संशय. धुण्याच्या टाकीवर तोच असतो आणि वडापाव खातो. म्हटलं, हात दाखव. तर म्हणतो, काका, मी हातमोजे घालतो, तुमचे कुठायत? दोन पोरांचा बाप झाला, पण जीभ आवरत नाही. मोजे घातले तर अंगठ्याला कळणार काय?

८ ऑगस्ट, दुपारी
मोठा शोध. टाकीतून निघालेल्या झाकणावर मी स्वतः रेघ ओढली. अखंड! खात्रीसाठी अंगठा फिरवला, शेजारी दुसरी रेघ ओढली. फुटली. म्हणजे पेन एकदाच खरं बोलतं, मग बिघडतं. क्षमाला सांगितलं. तिने ते झाकण उचलून आपल्या टेबलाच्या खणात ठेवलं. पटलं असावं.

११ ऑगस्ट
माझ्या सल्ल्याने साबण बदलला. तरी वाट लागली. आता पाण्यावर संशय. पाण्याबद्दल मी कुणाशी बोलणार? झोप नाही. डाव्या खांद्यात कळ येते. बहुतेक गॅस.

१२ ऑगस्ट, मंगळवार
अंगारकी. उपास. आता हयगय नको म्हणून प्रत्येक झाकण कपाळाला लावून गणपतीचं नाव घेतलं, मग अंगठा. आज रेघा फुटल्या त्या अशा, की झाकणावर देवीचे फोड आल्यासारख्या दिसल्या. प्रितम म्हणाला, काका, उद्या बाप्पालाच टाकीवर उभा करा. नास्तिक आहे.

१३ ऑगस्ट
क्षमाने मला मानखुर्दला साबणाचा कॅन आणायला पाठवलं. फोनवर मागवता आला असता. चार वाजता परत आलो, तर सगळा माल पास होऊन नाहूरला गेलेला. रेघा अखंड, कंपनी खूश. कालची प्रार्थना एक दिवस उशिरा लागू पडली.
क्षमाने मला एका स्वच्छ झाकणावर अंगठा ठेवायला लावला आणि दिव्याखाली धरलं. पूर्ण ठसा उमटलेला, रेषा न् रेषा. प्रितम म्हणाला, चोर सापडला! मी हसलो नाही.

१४ ऑगस्ट
रात्रभर सामान आवरायचं ठरवत होतो, पण क्षमाने कामावरून काढलं नाही. म्हणाली, रोज सकाळी पेन नीट चालतं का बघायला एक तेलकट झाकण मुद्दाम तयार करावं लागतं. ते काम तुमचं. बाकीच्या झाकणांना हात लावायचा नाही. प्रेमाला सांगितलं, पेन तपासायचं खातं माझ्याकडे आलं. शेवटी अंगठ्याशिवाय गाळ्याचं चालत नाही.

१८ ऑगस्ट, सोमवार
नव्या कामाचा पहिला दिवस. घाबरून घरी तीनदा साबणाने हात धुतले, गाळ्यावर पुन्हा एकदा. सगळ्यांसमोर झाकणावर अंगठा दाबला. क्षमाने रेघ ओढली.
अखंड.
ती म्हणाली, काका, घाण करायला ठेवलं, तेही जमेना?
उद्या आंघोळ न करता जाणार.