तिसरा दिवस कुठे गेला

फाटा, तळोद्याच्या अलीकडे
ता. १२ फेब्रुवारी २०२६, गुरुवार

चि. रविना हिला सोमीआजीचा पोटभर आशीर्वाद.

मी बरी आहे, गुडघा सोडला तर. तो तुझ्या आजोबांच्या वळणावर गेला आहे, कामाची वेळ आली की रुसतो. काळी शेळी व्याली, दोन्ही माद्या. तुझे आईबाप अजून ऊसतोडीला बारडोलीकडेच आहेत, होळीआधीच्या भोंगऱ्याच्या बाजारापर्यंत येतो म्हणाले. मोहाला अजून फूल नाही.

हे लिहिते आहे ती उपकेंद्राची सुषमा सिस्टर. नवापूरची, लहानपणी तुला सुई टोचायची आणि तू जिच्या हाताला चावली होतीस ती. मी आपल्या बोलीत सांगते, ती त्याचं शाळेतलं मराठी करते. त्यामुळे यात कुठे मी शहाणी वाटले तर तो तिचा दोष.

फोन का नाही केला म्हणशील. फोनला रेंज टाकीजवळच्या चढावर. तिथे मी फोन कानाला लावला की सहा जण आपापली कामं टाकून ऐकायला येतात. आणि तू माझं अर्धं ऐकून ‘हो आजी, हो आजी’ करतेस. कागद हो आजी म्हणत नाही, शेवटपर्यंत वाचावा लागतो.

तर आधी गावाचं सांगते. तू वसतिगृहात जाऊन तीन आठवडे झाले तरी तुझी सायकलची शर्यत इथे संपलेली नाही. रतिलालने तुझा जिंकल्याच्या पिवळ्या सदऱ्यातला फोटो दुकानात तेलाच्या डब्यांच्या वर लावला आहे, आणि फोटो लावून वर तोच भांडतो. परवा मी मीठ आणायला गेले तर म्हणतो, “अय सोमीबाई, तुन्ही नात पाच दिनमा एक बी दिन पहिली नई उनी. मंग ती जिकनी कशी? हाई कोणतं गणित शे?”

मी म्हटलं, “तुझ्या तराजूचं गणित गावाला कळतं का? तरी आम्ही मीठ घेतोच ना?”

पण त्याचं म्हणणं बऱ्याच जणांना पटतं. कुस्तीत जो पाडतो तो जिंकतो, बैलांच्या शर्यतीत जो पुढे तो जिंकतो. ही कसली शर्यत, की रोज कुणी वेगळीच पहिली येते आणि शेवटी हार घालतात तिसरीलाच! मग म्हाताऱ्या रेवजीने समजावलं. तो म्हणाला, आपल्या लाहेत सगळं गाव एकाच्या शेतात निंदायला जातं. पहिल्या दिवशी कुणीतरी घाईने आपली ओळ आधी संपवतं, दुसऱ्या दिवशी तोच कंबर धरून झाडाखाली बसतो. नाव कुणाचं निघतं? जो सगळे दिवस सारखा वाकला त्याचं. रविना पाचही दिवस वाकली. सगळ्या दिवसांचा वेळ एकत्र केला, तिचा सगळ्यात कमी भरला. झालं.

शेजारच्या कमलीबाईला तेही पटलं नाही. म्हणते, “बसूनच जायचं ना? त्यात काय. मी भरल्या दिवसांची होते तेव्हा डोक्यावर मोळी घेऊन तळोद्याला चालत गेले. मला कुणी पिवळं काही घातलं नाही.”

मी म्हटलं, “घातलं असतं तर तुला पुन्हा हळद लागली समजून तुझा म्हातारा पळून गेला असता.”

दोन दिवस बोलली नाही माझ्याशी. मग शेळी व्याल्यावर चीक मागायला आली.

तू अडतीस सेकंदांनी जिंकलीस असं सगळे म्हणतात. अडतीस सेकंद म्हणजे केवढे, मी सुषमाला विचारलं. तिने माझी नाडी धरली आणि घड्याळ पाहिलं. तेवढ्या वेळात माझं काळीज बेचाळीस वेळा वाजलं. फार नाही.

मी आपली ज्याला त्याला सगळी शर्यत सांगते, जशी तू मला सांगितलीस तशी. पहिल्या दिवशी शहादा-लोणखेड्याला गर्दीत तुझा दांडा कुणाला तरी घासला आणि तरी तू तिसरी आलीस. दुसऱ्या दिवशी नंदुरबारहून कोरीटकडे निघालात, समोरून वारा, तू दुसरी. चौथ्या दिवशी नवापूरच्या टेकड्यांत तुझी साखळी उतरली, हात काळे करून बसवलीस आणि पुन्हा गाठलंस सगळ्यांना. पाचव्या दिवशी तोरणमाळचा घाट. तिथे ती गायत्री तुला सोडून पुढे गेली, आणि तू जीव खाऊन तिची पाठ नजरेआड होऊ दिली नाहीस.

सुषमाने पेन खाली ठेवलं आहे. विचारते, “सोमीआजी, तिसरा दिवस कुठे गेला?”

मी म्हटलं, तिसऱ्या दिवशी काही विशेष नव्हतं. ती म्हणते, तिसऱ्या दिवशी तर शर्यत तुमच्या दारावरून गेली. सगळं गाव तुमच्या ओट्यावर बसलं असेल. मी म्हटलं, गाव पुढे पुलापाशी होतं, तिथे मंडप होता, पाणी फुकट होतं. आता तू लिही, पोरीचा पिवळा सदरा मी दाखवायला मागितला आहे, होळीला आण म्हणावं.

लिहीत नाही आहे. नवापूरच्या बायका हट्टी असतात. बघते आहे माझ्याकडे, सुई देण्याआधी बघते तशी.

बरं. लिही.

रविना, त्या दिवशी मी पहाटे उठून अंगण सारवायला घेतलं. तू दारावरून जाणार होतीस. दार उघडलं तर समोर डांबरावर चुन्याने काढलेला बाण. आदल्या दिवशी दुपारी नव्हता. बाण म्हणजे काय ते मला कुणी शिकवायला नको, माझा बाप बाणानेच ससे आणायचा. त्याचं टोक सरळ माझ्या दाराकडे. माझी सासू सांगायची, दाराकडे कुणी बाण रोखून ठेवला तर वैर आलं समज. बोलू नको, शेणाने पुसून टाक. आणि ते कुठे, तर तिवाट्यावर, जिथे लोक आपली पीडा उतरवून टाकतात. आणि कधी, तर नात दारावरून जायच्या दिवशी. मला वाटलं कमलीबाईचंच काम. मी अंगणाबरोबर तेवढा रस्ताही सारवून टाकला, छान हात फिरवून. उन्हं येईपर्यंत सुकलं.

तुमच्या शर्यतीच्या लोकांनी वळण दाखवायला तो काढला होता, हे मला कुठून कळणार? रस्ता माझ्या घराच्या कोपऱ्यावर वळतो, म्हणून टोक घराकडे. हसशील तू यावर. इथवर हसण्यासारखंच आहे.

मग लाल झेंडीवाला आला. त्याने खाली पाहिलंच नाही. सावलीत उभा राहून झेंडीने एकेकीला वळवत राहिला. तू मला सांगितलं होतंस, त्या दिवशी घड्याळाशी शर्यत, पोरींना एकेकटीला सोडतात, आणि सगळ्यात पुढे असते तिला सगळ्यात शेवटी. चोवीस पोरी. अक्षर येत नाही मला, मोजता येतं. मी दारात झाडू घेऊन उभी होते आणि एक पोरगी गेली की बोराची एक बी ओट्यावर ठेवत होते. तेविसावी तू. ‘आजी’ म्हणून ओरडलीस आणि मान वर केली नाहीस. बरं केलंस.

तू गेल्यावर झेंडीवाल्याने झेंडी काखेत मारली आणि चहाला गेला. तो एक कमी मोजून गेला. मला माहीत होतं, एक यायची आहे. आणि कोण, तेही माहीत होतं, दोन दिवसांच्या वेळेत सगळ्यात पुढे असलेली गायत्री.

ती आली. निळी टोपी. वळणावर थांबली, एक पाय टेकला. ओठ पांढरे पडले होते. खाली बघितलं, इकडे तिकडे बघितलं, मग माझ्याकडे. म्हणाली, “आजी, सरळच ना?”

मी मान हलवली.

इथे मी सुषमाला तीन वेळा खोडायला लावलं आहे, तुला कागदावर दिसेल. पहिल्यांदा सांगितलं, माशी बसली होती, म्हणून मान हलली. मग सांगितलं, तिचं बोलणं समजलं नाही. समजलं होतं. सरळ आपल्याकडेही सरळच असतं. मी हो म्हणून मान हलवली.

“थँक्यू आजी,” म्हणाली आणि सरळ गेली. पुढे नदीची फरशी दोन पावसाळ्यांपूर्वी वाहून गेली आहे, रस्ता तिथेच संपतो, तुला माहीत आहेच. ती परत आली तेव्हा मी आत होते, कडी लावून. सायकलचा आवाज ऐकला. तीन मिनिटं गेली तिची, असं पुढे लोक म्हणाले.

दुपारी दोन साहेब जीप घेऊन आले. तिने तक्रार केली होती, बाण नव्हता, झेंडी नव्हती, एका आजीने सरळ सांगितलं. साहेबांच्या फोनमध्ये आदल्या संध्याकाळचा बाणाचा फोटो होता. झेंडीवाला पोराबाळांची शपथ घेऊन म्हणाला, मी हललोच नाही. साहेबांनी मला विचारलं, “आजी, तुम्ही कुणाला रस्ता सांगितला का?” मी म्हटलं, “मी म्हातारी बाई, मला काय दिसतं?”

हे खोटं नव्हतं, रविना. यात खरंखोटं काहीच नव्हतं, म्हणूनच मी ते निवडलं. गायत्री जीपमध्ये बसली होती. तिने मला बघितलं, ओळखलं. बोट दाखवलं नाही. साहेब म्हणाले, पोरगी खोटं बोलते, आणि जीप गेली.

मी स्वतःला समजावलं. जिंकणारीला मिळते ती खेळाच्या वसतिगृहातली जागा तुला मिळायला हवी होती, नाहीतर पुढच्या वर्षी तूही उसाच्या फडात. गायत्री आधीच तिथे आहे, तिचं काय जातं? घाटात ती पुढे गेली तेव्हा वाटलं, देव आहे, भरून काढेल ती. भरून काढलं, पण अडतीस कमी पडले. तेव्हाही मला वाईट वाटलं नाही. नाचले मी. कमलीबाईला विचार.

मग गेल्या रविवारी तुझा फोन आला. तू हसत सांगितलंस की गायत्री फाट्यावर रस्ता चुकली म्हणून तिला तिथे सगळ्या पोरी ‘फाटा’ अशी हाक मारतात, तूही मारतेस. आणि सांगितलंस की तू माझा फोटो खाटेच्या वर लावलास, तर ती तुझ्या खोलीत येऊन त्याच्यासमोर किती तरी वेळ उभी राहिली. विचारलं, “या कोण?” तू म्हणालीस, “माझी आजी.” ती निघून गेली. तू म्हणालीस, “जळते ती, आजी.”

जळत नाही, पोरी. तिला सगळं कळलं त्या दिवशी. तुझा फोन आला तेव्हा चार दिवस झाले होते त्याला, आणि तिने तुला काही सांगितलं नव्हतं. तुझी आजी आहे म्हणून नसेल सांगितलं. मी तिच्या वयात असते तर सगळ्या पोरींसमोर तो फोटो फाडला असता.

त्या दिवसापासून मला जेवण जात नाही. चेष्टा सुचते, घास उतरत नाही.

आता नीट वाच. तुम्हाला सायकल शिकवणारे दिनेश सर पुढच्या रविवारी, बावीस तारखेला इथे येणार आहेत, मीच निरोप पाठवून बोलावलं आहे. त्यांना मी हे सगळं सांगणार, आणि ते नेतील त्या साहेबांसमोर पुन्हा सांगणार. तुला विचारत नाही आहे. विचारलं तर नको म्हणण्याचा किंवा हो म्हणण्याचा भार तुझ्यावर येईल, आणि हे मी केलं आहे, तू नाही. तू तर मान वर न करता गेलीस. सदरा परत मागतील. कदाचित जागाही जाईल. तुझ्या बापाला काय सांगायचं ते मी बघते, तो माझाच मुलगा आहे, माझ्यावर ओरडायचा हक्क त्याला आहे.

तुला एकच काम. हे पत्र वाचून झालं की गायत्रीकडे जा. तिला नावाने हाक मार. माझ्या वतीने माफी मागू नकोस, ती मी मागेन, तिने भेटू दिलं तर. तू फक्त तिला सांग, ‘तू खरं बोलत होतीस.’ ते तिला कुणीच म्हटलेलं नाही अजून. आणि हे बावीस तारखेच्या आधी सांग. साहेबांकडून कळलं तर तो निकाल होईल. तुझ्याकडून कळलं तर दुसरं काही होईल, त्याला काय म्हणतात ते सुषमालाही सुचत नाही.

माझ्यावर रागाव. फोन आला नाही तर मी समजेन.

रतिलाल उद्या विचारील, तुझ्या नातीने केलं ते केवढं मोठं. याचं उत्तर मला आता येतं. चोवीस पोरींत, दादाच्या जुन्या सायकलवर सराव करून, तोरणमाळच्या घाटात त्या पोरीची पाठ न सोडता, तू दुसरी आलीस. ते पुष्कळ मोठं होतं, रविना. मला ते पुरलं नाही.

तू ज्या रस्त्याने गेलीस त्याच रस्त्याच्या कडेला उभी राहून खोटी मान हलवलेली,
तुझी आजी
सोमी