चर्चजवळचं घर

अल रीम आयलंड, अबू धाबी

प्रिय आई,

जय येशू. आम्ही मजेत आहोत. तुझ्या गुडघ्याचं मात्र खरं काय ते कळव.

हॉलंडला बदली ठरल्यापासून इथूनच लायडन शहरात घर शोधून मी वैतागलोय. कालव्याकाठच्या जुन्या घरांचे जिने शिडीसारखे उभे. तू राहायला आलीस तर चढणार कशी? त्यात तुझा हुकूम, “वस्ती बघू नको, चर्चजवळ घर घे.” एजंटला तेवढंच सांगितलं.

काल त्याने व्हिडिओ कॉलवर फ्लॅट दाखवला. चर्चजवळ नाही, चर्चमध्येच. माणसं येईनात म्हणून विकलं आणि आत फ्लॅट काढले. वेदी होती तिथे किचन आहे. तुझ्या सुनेने, ॲमंडाने, क्रूसाची खूण केली आणि बाथरूम बघायला साफ नकार दिला. एजंट म्हणतो, याहून जवळ मिळणार नाही.

इथे मिस्साच्या प्रार्थनेला चर्चच्या आत जागा मिळत नाही, आवारात उन्हात उभे राहतो. तिथे आत पलंग टाकायचा म्हणे. खलास, माझं डोकं चालत नाही.

नवं घर फादरकडून आशीर्वादित करून घेतात, पण या घराचं काय करायचं? आपल्या फादरना विचारून ठेव.

तुझा,
जेरार्ड

ता.क. बघितलेल्या सगळ्या घरांत लिफ्ट फक्त तिथेच आहे.