हातमोजेवाल्याचा मुलगा

नेपरव्हिल, अमेरिका, रविवार

तीर्थरूप बाबा,

पायांवर डोकं ठेवते. फोनवर हे राहूनच जातं. मी मजेत आहे. नोकरीचं अजून ठरलं नाही, पण ठरेल. आईचा गुडघा कसा आहे? आणि तुमचं मोतीबिंदूचं ऑपरेशन पुढे ढकलू नका हं.

काल इथल्या पार्कात चारशे वर्षांपूर्वीच्या त्या इंग्रज नाटककाराचं नाटक झालं. लोक घरून खुर्च्या घेऊन येतात, पाऊस आला तरी हलत नाहीत. काय माणूस असेल! बाप हातमोजे शिवायचा, पोराने कॉलेजचं तोंड पाहिलं नाही, आणि अजून जगभर त्याची नाटकं होतात.

मी त्यांच्या मदतीला गेले होते, आणि मेकअपवाली ऐनवेळी आलीच नाही. मग नाटकातल्या म्हाताऱ्याची दाढी मी चिकटवली, तुम्ही नटांना लावायचात तशी, थोडे थोडे केस घेऊन.

“हू टॉट यू?” दिग्दर्शिकेने विचारलं.

“माय फादर,” मी म्हटलं.

मागे फोनवर तुम्ही म्हणालात, पोरगी कॉम्प्युटरमध्ये गेली, आता मेकअपची पेटी कुणाला तरी देऊन टाकतो. बाबा, त्या नाटककारानेही बापाचा धंदा सोडला होता. तरी त्याच्या नाटकांत हातमोजे आणि कातडं जागोजागी येतं म्हणे.

पेटी कुणाला देऊ नका. मला हवी आहे.

तुमची,
चैत्राली