एकवीस मुद्दे आणि पाळीवरचा ट्रक

९ नोव्हेंबर, रविवार. सकाळी ७.
ठरलं. प्लांटची नोकरी सोडणार. राजीनामा लिहून शर्टाच्या खिशात ठेवलाय. करडीहून वरठीपर्यंत सायकल मारणं हे माझ्यासारख्याचं काम नाही. राइस मिलचा मुनीम म्हणतो, सतरा तारखेला ट्रक गेटवर उभा करा, सीझनभर धान वाहायचं काम तुमचं. म्हणजे आता फक्त ट्रक हवा. सेकंडहँड ट्रक कसा तपासावा याचे अकरा व्हिडिओ पाहिले, वहीत एकवीस मुद्दे काढले. बायकोचं, रुपाचं, एकच पालुपद: "राजकुमार मिस्त्रीले संगं घेऊन जा ना जी." मिस्त्री नेला की विकणाऱ्याला लगेच कळतं, याला काही कळत नाही. एकटाच जाणार.

संध्याकाळी.
सानगडीला जाऊन आलो. मालक यादोराव. देवमाणूस. ट्रक तलावाच्या पाळीवर, म्हणजे उंच बांधावर, उताराकडे तोंड करून, चाकापुढे दगड लावून उभा. का, तर वर हवा चांगली लागते म्हणे. गाडीची इतकी काळजी कोण घेतं? सगळ्या टायरांना लाथा मारल्या. चेसिस नंबरावर कागद ठेवून पेन्सिल घासली, आकडे उमटले. स्क्रूड्रायव्हरचं एक टोक इंजिनला, एक कानाला. काय ऐकायचं असतं ते व्हिडिओत नव्हतं, पण मान हलवली. यादोराव टरकला असावा.
मग चक्कर. दगड काढताच गाडी आपणहून निघाली, आणि दहा पावलांवर धडधडून सुरू झाली. कामाची एवढी हौस मी माणसांतही पाहिली नाही.

१२ नोव्हेंबर.
मुद्दा नऊ: इंजिन थंड असताना अचानक जाऊन पाहावं. उद्या सकाळी आठला अचानक जाणार. यादोरावला फोन करून तसं कळवलं.

१३ नोव्हेंबर.
पोचलो तर गाडी आधीच सुरू. "तुमचा टाइम कायले वाया घालवा," म्हणे. बोनेट हाताला छान गरम. मुद्दा नऊ पास. एकवीसपैकी एकवीस!

१६ नोव्हेंबर, रविवार.
ट्रक माझा! माझा! यादोरावनं निघताना बजावलं, "रस्त्यात बंद करू नोका, इंजिन नाराज होते." वाटेत चहा प्यायलो तोही गाडी सुरू ठेवून. अंगणात आणला, चाकांखाली लिंबं ठेवली, नारळ फोडला. रुपानं हळदीकुंकू वाहिलं. राजकुमार बघायला आला. ट्रककडे पाहिलं, अंगणाकडे पाहिलं, म्हणाला, "सपाटावर काहून लावला?" जळतो. किल्ली फिरवून गाडी बंद केली. उद्या राजीनामा देणार.

१७ नोव्हेंबर, सोमवार. सकाळी ६.
किल्ली फिरवली. आवाज नाही. नवीन घरात लाजत असेल.

७ वाजता.
शेजारचा वीरेंद्र आणि आणखी पाच जण ढकलताहेत. लिंबं फुटली. ट्रक तिथंच.

९ वाजता.
मुनीमचा फोन. दुसरा ट्रक लावला म्हणे.

११ वाजता.
शेवटी राजकुमारला बोलावलं. खाली झोपून पाहिलं त्यानं. स्टार्टर खराब नाही म्हणे. स्टार्टर नाहीच. नुसती जागा आहे. आणि किल्ली फिरवल्यावर तो इंजिनच्या ज्या दात्यांना फिरवतो, तेही झिजून सपाट, इंजिन उतरवावं लागेल. वही पुन्हा वाचली. एकवीसात स्टार्टर नाही. व्हिडिओवाल्याची चूक.

१९ नोव्हेंबर.
यादोराव फोन उचलत नाही. पाळीवर नेटवर्क नसेल.
अंगणात मुरूम टाकून उतार करायचा विचार आहे. रुपानं बोनेटवर वड्या वाळत घातल्यात.
राजीनामा खिशात सापडेना. रुपाला विचारलं, तर म्हणे, नऊ तारखेलाच चुलीत घातला, शर्ट धुवायचा होता. ओरडायला तोंड उघडलं आणि रडूच आलं. तिनं पाणी आणून दिलं.

संध्याकाळी.
उद्या प्लांटला फर्स्ट शिफ्ट. सायकलीत हवा भरली. सपाटावर चालवून पाहिली. चालते.