उजवा कप्पा

४ फेब्रुवारी

ॲडमिट. साधा व्हायरल ताप, वर किरकोळ न्यूमोनिया. ही बँडमास्तरची फुप्फुसं आहेत, उभा जन्म ट्रम्पेट फुंकण्यात गेलाय, असं डॉक्टरांना ठणकावून सांगितलं. 'हो का,' म्हणाले आणि नाकात ऑक्सिजनची नळी खुपसली. असू दे. हिच्या समाधानासाठी. रविवारच्या कार्यक्रमात सोलो मीच वाजवणार. बँडमधल्या मेहुण्याला फोन करून तसं बजावलं. मधेमधे खोकला आला, पण रेंज नसल्यामुळे त्याला कळलं नसावं.

संकल्प : रोज सकाळी दीर्घश्वसन.

५ फेब्रुवारी, सकाळ

दीर्घश्वसन उद्यापासून.

५ फेब्रुवारी, दुपार

हृदयाची सोनोग्राफी झाली. इको म्हणतात. तक्रार फुप्फुसांची आणि तपासणी हृदयाची! ट्रम्पेट बिघडलं म्हणून ड्रम उघडून बघायचा प्रकार. डाव्या कुशीवर निजवलं, गार जेली फासली आणि तपासणाऱ्या बाई ते यंत्र फासळ्यांत रुतवून पडद्याकडे बघत बसल्या. बराच वेळ. मग मोठ्या डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी आणखी दोघांना. उजवा कप्पा मोठा झालाय म्हणे. फुप्फुसं घट्ट झालीत, त्यांच्यात रक्त ढकलताना त्याची दमछाक होतेय. म्हणजे मेहनती आहे! मी म्हटलं, कलावंताचं हृदय मोठंच असायचं. कुणी हसलं नाही. विनोदाची जाणच राहिली नाही लोकांत.

शेजारच्या कॉटवरच्या शिंपीकाकांचाही तोच कप्पा मोठा निघाला. आपण दोघे मोठ्या मनाचे, असं त्यांना म्हटलं. ते हसले. चला, एक तरी रसिक.

६ फेब्रुवारी

नळी जाऊन मास्क आला. प्रगती आहे.

डॉक्टरांनी हिला बाहेर बोलावलं. आत आली ती तोंड धुऊन. काय म्हणाले, विचारलं, तर 'विश्रांती घ्या म्हणाले.' मी म्हटलं, रविवारी इथूनच युनिफॉर्म घालून निघेन. एरवी घर डोक्यावर घेतलं असतं. आज म्हणाली, 'इस्त्री करून आणते.' एवढ्या वर्षांच्या संसारानंतर माझं म्हणणं पटायला लागलंय एकदाचं.

शिंपीकाकांना पहाटे हलवलं. कॉटवर कोरी चादर. सुटले, घरी गेले. चपला मात्र कॉटखालीच विसरले.

७ फेब्रुवारी

मुलगी आली. एवढ्या लांबून, ऑफिस टाकून. सहज आले म्हणाली. पाय चेपत बसली. लहानपणी सांगूनही कधी चेपले नाहीत.

मेहुणाही आला. 'भाऊजी, सोलो तुमचाच. तुम्ही बरे होईपर्यंत कार्यक्रम पुढे ढकलू,' म्हणाला. हाच माणूस गेली कित्येक वर्षं माझ्या सोलोवर टपून होता! शेवटी दरारा तो दरारा. दुपारी मला नर्सच्या टेबलासमोरची खास खोली दिली. सारखं कुणीतरी काचेतून बघत असतं. आवाज थोडा बसलाय. मास्कमुळे.

८ फेब्रुवारी

परत इको. या वेळी बाईंनी पडदा पलीकडे वळवून घेतला.

मोठे डॉक्टर नंतर एकटेच आले. ही पाणी भरायला गेली होती. मी विचारलं, मी बरा होणार ना? म्हणाले, प्रयत्न चालू आहेत. म्हटलं, हे उत्तर नव्हे. तेव्हा ते स्टूल ओढून बसले. आजवर कधी बसले नव्हते. कप्पा आणखी ताणलाय. असा कप्पा असलेले काहीजण बरे होऊन जातात. बरेचसे नाही. संध्याकाळपर्यंत श्वासाच्या मशीनवर घ्यावं लागेल.

दम लागतोय. थांबून थांबून लिहितोय.

मी म्हटलं, 'हिला एवढ्यात सांगू नका. तिला झेपणार नाही.'

'त्यांना परवाच सांगितलंय,' म्हणाले.

ही बाटली भरून आली. डॉक्टर काय म्हणाले, विचारलं. म्हटलं, सुधारणा आहे.

'हो, चेहऱ्यावर दिसतेच आहे,' म्हणाली, आणि माझ्या मास्कचा पट्टा नीट करत राहिली. पट्टा नीटच होता.