कड्यावरच्या खुणा

प्रिय बाबा,

मोआबच्या वाळवंटातल्या लाल धुळीसकट नमस्कार. खांदा बरा आहे, काळजी नको. मार्लाताईकडची थंडी सोसते ना? गुडघा काय म्हणतोय?

कड्यावरच्या सायकलवाटेवर तुम्ही दगड रचून खुणा केल्या होत्यात. आता हौशी लोक फोटोसाठी वाटेल तिथे दगड रचतात. तसल्याच एका ढिगाला तुमची खूण समजून मी गेले आणि दरीच्या तोंडाशी सायकलसकट आपटले. आमच्या सायकल-सहलींचा मालक ब्रेंट पाहुण्यांसमोर हसला, "बापाची वाट, आणि पोरगीच चुकली!"

काल त्याने मला सगळे ढीग पाडायला लावले. आता म्हणे वाट दाखवायला खडकांवर रंगाचे पट्टे मारणार. तुमचे तेवढे ठेवायचे ठरवलं होतं. पण तुमचे कुठले, तेच मला ओळखू येईना.

सगळे पाडले, बाबा.

तुमची,
जोलीन